दुर्बीण थांबेल, आधी मान वर करा

मागच्या अंकात मी ‘आकाशाबद्दल काहीही विचारा’ असं लिहिलं आणि संपादकांनी एक जाडजूड पाकीट माझ्या हाती ठेवलं. निम्म्याहून जास्त पत्रांत प्रश्न एकच: दुर्बीण कोणती घ्यावी? त्या सगळ्यांना एकदमच उत्तर देते, म्हणजे उरलेल्या जागेत आकाशाबद्दल बोलता येईल. नावं कुणाचीच छापत नाही. दोघा-तिघांनी तशी विनंती केली आहे, मग नियम सगळ्यांना सारखा.

“ताई, मुलगी दहा वर्षांची आहे, ग्रहताऱ्यांचं वेड लागलंय. वाढदिवसाला दुर्बीण द्यायची आहे. ‘५२५ पट मोठं दिसतं’ असं लिहिलेली एक बघून ठेवली आहे. घेऊ ना?”

नका घेऊ. खोक्यावरचा ५२५ कुठून येतो ते सांगते, मग तुम्हीच ठरवा. मुख्य भिंगाच्या नाभीय अंतराला (भिंगापासून किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर) नेत्रिकेच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की वर्धन, म्हणजे किती पट मोठं दिसतं ते मिळतं. अशा दुर्बिणीच्या भिंगाचं नाभीय अंतर बहुधा ७०० मिलिमीटर असतं आणि सोबत ४ मिलिमीटरची नेत्रिका देतात. ७०० भागिले ४, झाले १७५. त्यावर तिप्पट करणारं बार्लो भिंग लावा, झाले ५२५. गणित चोख आहे, दिसत मात्र काही नाही. भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट एवढंच वर्धन उपयोगाचं असतं. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पट म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं आणि काळवंडतं. शिवाय असल्या दुर्बिणीची तिवई इतकी लटपटी असते की नुसता हात लागला तरी गुरू नजरेबाहेर जातो. मुलगी दोन रात्री झटेल, तिसऱ्या रात्री दुर्बीण कपाटावर जाईल, आणि ‘मलाच जमत नाही’ असं तिच्या मनात बसेल ते वेगळंच.

तिला बायनॉक्युलर द्या. त्यावर ७×५०, १०×५० असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहा वर्षांच्या हातांना ८×४० पुरे, हलकी असते आणि थरथरते कमी. कृत्तिकांमध्ये साध्या डोळ्यांना सहा-सात तारे मोजता येतात, बायनॉक्युलरमधून काही डझन. चंद्रावरची मोठी विवरं दिसतात. आणि कोपर कठड्याला टेकवून स्थिर धरली तर गुरूच्या दोन्ही अंगांना बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओला १६१० च्या जानेवारीत दिसले होते तेच चार चंद्र.

खरी गंमत पुढे आहे. तिला वहीत एक गोल आणि त्याच्या बाजूला दिसतील तिथे ठिपके काढायला सांगा. दुसऱ्या रात्री पुन्हा, तिसऱ्या रात्री पुन्हा. सगळ्यांत आतला आयो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फेरी मारतो, बाहेरच्या कॅलिस्टोला जवळजवळ सतरा दिवस लागतात. एखादा ठिपका गुरूच्या मागे किंवा पुढे गेलेला असला की तीनच दिसतील. ती कारण विचारेल आणि तुम्हालाही वाचावं लागेल. काही आठवड्यांच्या चित्रांवरून कोणता ठिपका कोण हे ती बऱ्यापैकी ओळखू लागेल.

वर्षभराने वेड टिकलं असेल तर १५० मिलिमीटर आरशाची डॉब्सनियन दुर्बीण घ्या. बैठक साधी लाकडी, जमिनीलगत, हाताने फिरवायची. तिच्यात मोटार नाही की संगणक नाही, पैसे सगळे आरशात जातात. ही बैठक लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होते. टाकाऊ काच घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूड वापरायचे, आणि ती दुर्बीण फुटपाथवर मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवायचे. या उद्योगापायी मठाकडे दुर्लक्ष होतं म्हणून १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. मला हा माणूस फार आवडतो.

“वय अडुसष्ट. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. या वयात सुरुवात करण्यात अर्थ आहे का?”

आहे, आणि एक फायदाही आहे. वयानुसार डोळ्याचं नैसर्गिक भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग अडवतं. ते काढून नवं बसवल्यावर निळसर तारे जास्त निळे दिसतात असं बरेच जण सांगतात. राजन्य (रायजेल) आणि अभिजित (व्हेगा) हे दोन तारे मुद्दाम बघा.

बायनॉक्युलर घेताना मात्र वय लक्षात ठेवा. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात ५ च्या आसपास. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ७×५० मधून सुमारे ७ मिलिमीटर जाडीचा प्रकाशझोत बाहेर पडतो, म्हणजे तुमच्या बाहुलीबाहेर बराच सांडतो. १०×५० मधून ५ चा. तुमच्यासाठी दुसरी. आरामखुर्चीत मागे रेलून बघा, मान मोडून उभं राहू नका.

“तारकांचा नकाशा उघडला की डोकं गरगरतं. अ‍ॅप लावलं तर फोनच बघत बसते, आकाश राहूनच जातं. कुठून सुरू करू?”

तुमचं दुसरं वाक्य वाचून मी तुमच्या बाजूची झाले. सगळं आकाश शिकायला जाऊ नका. एकच आकृती निवडा आणि तिला घट्ट धरा. माझं मत मृगाच्या बाजूने आहे. डिसेंबर ते मार्चच्या संध्याकाळी तो सहज दिसतो, आणि खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशात, असल्यामुळे पृथ्वीच्या दोन्ही गोलार्धांतून दिसतो.

चार तेजस्वी तारे म्हणजे हरणाचे चार पाय, आणि मधोमध एका रेषेत तीन तारे, पोटात शिरलेला बाण. सगळ्या आकाशात इतके जवळ, इतके सरळ आणि इतके सारखे तीन तारे दुसरीकडे नाहीत. बाणाची रेषा एका बाजूला वाढवा. हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढ्या अंतरावर व्याध भेटेल, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. तीच रेषा उलट बाजूला तेवढीच वाढवा, नारिंगी रोहिणी. त्याच दिशेने आणखी दीड मूठ पुढे गेलात की कृत्तिकांचा झुबका. एका बाणाने आकाशाचा केवढा पट्टा ओळखीचा झाला बघा.

मुठीचं माप नीट समजून घ्या, ते जन्मभर कामाला येतं. हात पूर्ण लांब केला की मूठ आकाशात साधारण १० अंश झाकते आणि करंगळीचं टोक १ अंश. लहान मुलाची मूठ लहान, पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब तोच राहतो.

मग मृगाच्या पायांचे रंग बघा. काक्षी (बीटलज्यूस) तांबूस आहे, तिरप्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. काक्षीचा पृष्ठभाग तुलनेने थंड, साडेतीन हजार केल्व्हिनच्या आसपास. राजन्याचा सुमारे बारा हजार. ताऱ्यांना रंग असतात हे कित्येकांना माहीतच नसतं, कारण कुणी दोन तारे शेजारी ठेवून बघायला सांगितलेलं नसतं.

नकाशाच्या दोन खोड्या सांगून ठेवते. त्यात पूर्व डावीकडे असते, कारण तो टेबलावर ठेवून वाचायचा नसून डोक्यावर धरून बघायचा असतो. आणि तारे दररोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. आज रात्री नऊला मृग जिथे आहे तिथेच तो महिन्याने सातला असेल. एवढं कळलं की ‘कालपरवापर्यंत इथे होता, गेला कुठे?’ हा प्रश्न पडत नाही. मृग मावळायला लागेल तेव्हा घाबरू नका. जून ते ऑगस्ट वृश्चिक आहे, लाल ज्येष्ठा आणि आकड्यासारखी वळलेली शेपटी. तोही चुकवू म्हटलं तरी चुकत नाही.

अ‍ॅप वापरा, पण घरातून निघण्यापूर्वी. स्टेलॅरियम संगणकावर फुकट मिळतं. रात्री आठला काय दिसेल ते त्यात बघा, कागदावर चार रेघांत उतरवा आणि कागद घेऊन बाहेर जा.

“ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी असतो ना? मला तो सापडतच नाही.”

सापडत नाही, कारण तुम्ही तेजस्वी तारा शोधताय. तो दुसऱ्या प्रतीचा, मध्यमसा तारा आहे. (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा, तारा तितका मंद.) तेजस्वितेत पहिल्या चाळिसांतही बसत नाही. त्याचा मोठेपणा जागेमुळे. तुमचा अक्षांश जितके अंश, उत्तर क्षितिजापासून तितक्याच अंशांवर तो असतो. अक्षांश वीस असेल तर उत्तरेला दोन मुठी वर, बस्स. आणि तो कायमचा नाही. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक गिरकी घेतो आणि ध्रुवाजवळचा तारा बदलत राहतो. आणखी बारा हजार वर्षांनी अभिजित त्या बाजूला असेल.

“मी नववीत आहे. रात्री क्षितिजाजवळ एक वस्तू लाल, निळी, हिरवी अशी चमकत होती. अर्धा तास जागेवरच होती, म्हणजे विमान नाही. मित्र म्हणतो ड्रोन. काय असेल?”

तू पत्रात महिना, वेळ आणि दिशा लिहिलीस म्हणून तुला शाबासकी. जानेवारी, संध्याकाळी सात, आग्नेय दिशा. व्याध होता तो. ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूतून येतो. वाटेत गरम-थंड हवेचे थर हलत असतात आणि प्रत्येक थर त्या किरणाला किंचित वाकवतो, निळ्याला लालपेक्षा जरा जास्त. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, तारा मुळात तेजस्वी, म्हणून क्षणात लाल, क्षणात हिरवा.

ग्रह इतके लुकलुकत नाहीत, कारण ते बिंदू नसून छोटीशी तबकडी असतात. तबकडीच्या एका कडेचा प्रकाश हलला तर दुसऱ्या कडेचा सावरतो. पण क्षितिजालगत शुक्रही चांगलाच थरथरतो, तेव्हा ‘लुकलुकतो म्हणजे ताराच’ असं परीक्षेत लिही, आकाशात जपून वापर. आता तोच तारा रात्री दहाला, वर चढल्यावर बघ आणि रंगांचं काय झालं ते मला कळव.

“आम्ही शहराच्या मधोमध राहतो. चारी बाजूंनी पांढरे दिवे. आकाशदर्शन आमच्यासाठी नाहीच का?”

पूर्ण अंधाऱ्या जागी सगळं आकाश धरून साध्या डोळ्यांना सुमारे सहा हजार तारे दिसू शकतात, एका वेळी त्यातले निम्मे. शहराच्या मध्यावर काही डझन. तोटा आहेच, तो मी गोड करून सांगणार नाही. आकाशगंगा तिथून दिसणार नाही आणि कोणतीही दुर्बीण ती आणून देणार नाही.

पण नवशिक्याला त्या काही डझनांचा उपयोगही होतो. अगदी अंधाऱ्या जागी पहिल्यांदा गेलेला माणूस गोंधळतो, ओळखीच्या आकृत्या गर्दीत बुडून जातात. शहरात फक्त ठळक तारे उरतात आणि सांगाडा स्पष्ट दिसतो. तो तिथेच शिकून घ्या.

शिवाय चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांना दिव्यांची फारशी पर्वा नसते. सप्तर्षींच्या शेपटीत वसिष्ठ-अरुंधती आधी डोळ्यांनी वेगळे करा. मग कधी दुर्बीण मिळाली तर बघा, वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. चंद्र मात्र पौर्णिमेला बघू नका. त्या रात्री सूर्यप्रकाश समोरून पडतो, सावल्याच नाहीत, सगळं सपाट पांढरं. शुद्ध सप्तमी-अष्टमीला उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर बघा. तिथे चंद्रावर सकाळ होत असते, विवरांच्या कडा उजळलेल्या आणि तळ काळेकुट्ट. पुढच्या दोन-तीन रात्रींत ९० किलोमीटरहून रुंद असलेलं कोपर्निकस विवर उजेडात येतं. सीमा तासागणिक सरकते. जेवणाआधी एकदा आणि झोपण्यापूर्वी एकदा बघितलंत तरी फरक कळतो.

एक पथ्य शहरातही पाळा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा ती काही सेकंदांत घालवतो. माझ्या टॉर्चवर कित्येक वर्षं लाल जिलेटिनचा कागद रबरबँडने बांधलेला आहे. दिसायला गबाळा आहे, काम चोख करतो. समोरचा दिवा नेमका डोळ्यांत येत असेल तर भिंतीचा आडोसा घ्या. नाहीतर डोक्यावरून काळं कापड घेऊन बसा. शेजारी काय म्हणायचं ते म्हणतील.

“एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात रांगेत तासभर उभे राहून शनी आणि देवयानी दीर्घिका पाहिली. शनी इवलासा, दीर्घिका म्हणजे पुसट डाग. फसवणूक वाटली.”

फसवलं ते फोटोंनी. दुर्बिणीने खरं तेच दाखवलं.

५० पट वर्धन लावलं की कड्यांसकट शनी साधारण तेवढाच रुंद दिसतो, जेवढा चंद्र नुसत्या डोळ्यांना दिसतो. आता चंद्र तुम्हाला इवलासा वाटत नाही. मग शनीच का वाटला? कारण भोवती काळं रिकामं वर्तुळ असतं, तुलनेला काहीच नसतं, आणि मागच्या माणसाचा श्वास मानेवर असतो. दहा सेकंदांत शनी दिसत नाही. हवा सतत उकळत असते. मिनिटभर डोळा लावून ठेवलात तर मध्येच अर्धा सेकंद ती स्थिरावते आणि कड्यांची धार चटकन उमटते. त्या अर्ध्या सेकंदासाठी बसायचं असतं. शिवाय कडी साधारण दर साडेचौदा-पंधरा वर्षांनी आपल्याला नुसत्या कडेकडून दिसतात आणि जवळपास दिसेनाशी होतात. मार्च २०२५ मध्ये तसं झालं. आता ती पुन्हा उघडत जातील. शनीला पुन्हा एकदा संधी द्या.

देवयानीचं प्रकरण वेगळं. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह. तो डाग २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, आणि साध्या डोळ्यांना सहजपणे दिसणारी इतकी लांबची गोष्ट दुसरी नाही. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळा क्षणाच्या एका तुकड्यापुरता. मंद प्रकाशात आपण ज्या पेशींनी पाहतो त्यांना रंग कळत नाही, म्हणून तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिका राखाडी दिसतात. आणि डोळ्याच्या अगदी मध्यभागी त्या पेशी नसतातच! म्हणून मंद वस्तूकडे थेट बघायचं नाही. नजर तिच्या जरा बाजूला ठेवायची आणि लक्ष मात्र तिच्यावर. याला आम्ही तिरकी नजर म्हणतो. पहिल्यांदा जमत नाही, मग एकदम जमतं आणि डाग दुपटीने पसरतो.

तालमीसाठी मृगातला तेजोमेघ घ्या. बाणाजवळ, राजन्याच्या अंगाला, मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका तारा नाही. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर तिथे नवे तारे तयार होत आहेत. आधी नुसते डोळे, मग बायनॉक्युलर, आणि जे दिसेल ते पेन्सिलीने काढा. चित्रकला यायची गरज नाही. पंधरा मिनिटं काढत बसलं की पहिल्या मिनिटाला नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, हे मी वर्षानुवर्षं लोकांच्या बाबतीत बघत आले आहे.

“बातमीत ‘ताशी शंभर उल्का’ असं होतं. आम्ही सगळे जागलो, दोन तासांत सात दिसल्या. कुठे चुकलं?”

बातमीत. ताशी शंभर हा आकडा आदर्श स्थितीचा असतो: उल्का ज्या बिंदूतून उधळल्यासारख्या वाटतात तो बिंदू बरोबर डोक्यावर, आकाश निखळ काळं, आणि नजरेतून काही सुटत नाही. प्रत्यक्षात तो बिंदू खाली असतो, दिवे असतात, चंद्र असतो. तुमच्या पत्रावरून संध्याकाळी आठ ते दहा तुम्ही जागलात. ऑगस्टच्या १२-१३ तारखांच्या ययाती (पर्सियस) तारकासमूहातल्या उल्का त्या वेळी कमीच दिसतात.

पहाटे का जास्त, ते समजलं की सगळं उलगडतं. पृथ्वी सूर्याभोवती धावताना तिची पहाटेची बाजू पुढे असते, त्यामुळे वाटेतली धूळ त्या बाजूवर समोरून आदळते. स्विफ्ट-टटल धूमकेतूने मागे टाकलेले हे कण सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर पेटतात. कण बहुतेक वाळूएवढे. ते समांतर येत असतात, पण लांबवर रेल्वेचे रूळ एकत्र आल्यासारखे वाटतात तशा त्यांच्या रेषा एका बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात.

लवकर झोपणाऱ्यांनी १३-१४ डिसेंबरचा मिथुन वर्षाव धरावा. त्याचा बिंदू रात्री नऊ-दहापर्यंत बऱ्यापैकी वर येतो आणि वर्षातला हा सगळ्यांत भरवशाचा वर्षाव आहे. त्याचा उगम नेहमीसारखा धूमकेतू नसून फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. दुर्बीण लागत नाही, उलट अडचणच होते. चटईवर पाठ टेका, त्या बिंदूकडे रोखून बघू नका, डोळ्यांत जास्तीत जास्त आकाश येऊ द्या. आणि चंद्र कोणत्या तिथीचा आहे ते आधी बघा. पौर्णिमेच्या आसपास असेल तर मी सरळ झोपते.

“आपण पाहतो ते बहुतेक तारे कधीच मेलेले असतात, फक्त त्यांचा प्रकाश येतोय, हे खरं आहे का?”

ऐकायला सुंदर, पण खोटं. डोळ्यांना दिसणारे जवळपास सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत आणि ताऱ्यांची आयुष्यं लाखो-कोट्यवधी वर्षांची. व्याधाचा प्रकाश साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला, कृत्तिकांचा साधारण ४४० वर्षांपूर्वी. एवढ्या काळात तारा मेला असण्याची शक्यता नगण्य आहे.

लोक काक्षीचं नाव घेतात. तो म्हातारा आहे आणि फुटणार हे नक्की, पण ‘लवकरच’ म्हणजे येत्या लाखभर वर्षांत. २०१९ च्या शेवटी तो फिका पडत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये शेजारच्या बेलाट्रिक्सच्या बरोबरीला आला. एरवी तो त्याच्या कितीतरी वरचढ असतो. मी रोज रात्री बघत होते. नुसत्या डोळ्यांनी कळत होतं, मृगाचा एक पाय अधू झाला होता. नंतर उलगडा झाला की ताऱ्याने वायू बाहेर फेकला, त्याची धूळ झाली आणि ती आपल्या बाजूला आडवी आली. दोन-तीन महिन्यांत काक्षी पूर्ववत. ज्यांना त्याचं नेहमीचं रूप माहीत होतं त्यांनाच तो फरक दिसला.

थोडक्यात काही

*क्षितिजावरचा चंद्र मोठा का दिसतो?* तो मोठा नसतो, मेंदू फसतो. करंगळी लांब धरून झाका, डोक्यावर आल्यावर पुन्हा झाका. दोन्ही वेळी करंगळीच्या टोकाआड सहज मावेल. उलट डोक्यावरचा चंद्र आपल्याला काही हजार किलोमीटर जवळ असतो.

*पैसे भरून ताऱ्याला आजीचं नाव देता येतं का?* प्रमाणपत्र छापून मिळतं. ताऱ्यांच्या अधिकृत नावांचं काम आंतरराष्ट्रीय खगोल संघटना बघते आणि ती नावं विकत नाही.

*एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य बघावा का?* नाही. तीव्रता कमी वाटते पण अदृश्य अवरक्त किरण आत जातात, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होताना समजतही नाही. आयएसओ १२३१२-२ प्रमाणाचा चष्मा नुसत्या डोळ्यांसाठीच. तो घालून दुर्बिणीतून बघू नका. दुर्बिणीला सूर्यासाठीची गाळणी (फिल्टर) पुढच्या तोंडावर बसवतात. नेत्रिकेवर फिरवून बसवायची जी काळी काच स्वस्त दुर्बिणींसोबत येते ती तापून तडकू शकते. तुमच्याकडे असेल तर आजच फेकून द्या.

“दुर्बीण नाही, विज्ञानाची पदवी नाही. माझ्या बघण्याचा कुणाला उपयोग होईल असं काही आहे का?”

आहे. हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

ययाती तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या संध्याकाळी तो छान वर असतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद होतो, २.१ प्रतीवरून ३.४ वर उतरतो आणि पुन्हा वर येतो. उतरायला पाच तास, चढायला पाच तास. १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने याचं वेळापत्रक मांडलं आणि कारणही सुचवलं: एखादी अंधारी वस्तू त्याच्याभोवती फिरत मध्येमध्ये आडवी येत असावी. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. अंदाज बरोबर ठरायला शंभर वर्षं गेली. दुसरा, मंद तारा खरोखरच तिथे आहे. गुडरिक एकविसाव्या वर्षी वारला. एवढ्याशा आयुष्यात त्याने डेल्टा सेफी या ताऱ्याचा रूपविकारही (तेजाचं कमी-जास्त होणं) टिपला होता, आणि त्याच जातीच्या ताऱ्यांवरून पुढे दीर्घिकांची अंतरं मोजली गेली.

हे काम नुसत्या डोळ्यांचं आहे. शेजारचे दोन तारे घ्या, एक अल्गोलपेक्षा तेजस्वी आणि एक मंद, ज्यांच्या प्रती नकाशात दिलेल्या असतात. अल्गोल त्या दोघांच्या नेमका कुठे बसतो ते ठरवा: बरोबर मध्ये, की मंदाच्या जवळ? आकडा आणि मिनिटासकट वेळ लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा. आधीचा आकडा न बघता लिहा, नाहीतर डोळा लबाडी करतो. सुरुवातीला तुमचे अंदाज इकडेतिकडे उडतील, मग स्थिरावतील.

अमेरिकेत १९११ मध्ये स्थापन झालेली रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची एएव्हीएसओ ही संस्था अशा नोंदी जगभरातल्या कुणाकडूनही स्वीकारते, पदवी विचारत नाही. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्या नोंदी वापरतात, कारण मोठ्या दुर्बिणींना एकाच ताऱ्याकडे रोज बघायला सवड नसते. अल्गोलवर हात बसला की काक्षीकडे वळा.

फक्त तुलनेसाठी अल्गोलला अगदी खेटून असलेला रो पर्सेई घेऊ नका. तो सोयीचा वाटतो, पण तो स्वतःच रूपविकारी आहे.